कारण : इतर

लुंडे बदक कारखाना, ओस्लुंड, मिनेसोटा
९ नोव्हेंबर १९८२

प्रिय टिल्डा,

शुक्रवारी तू गेलीस तेव्हापासून कारखाना इतका शांत झालाय की रुडी लाकडी बदकांच्या मुंडक्यांना डिंक लावतो त्याचासुद्धा आवाज येतो. आपला हा रुडी, माझा मेहुणा, नऊ वर्षांपूर्वी नोकरीतून निवृत्त झाला. तरी शेगडीच्या उबेसाठी रोज येतो आणि फुकटात मुंडकी चिकटवतो. काल त्याने एक मुंडकं उलटं चिकटवलं. तू असतीस तर सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्यांदा ओरडली असतीस. आम्ही दोघं नुसते बघत बसलो.

फोन करणार होतो, पण तळ्यापलीकडे फोन म्हणजे ट्रंककॉल. शिवाय माझं कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की डुकराचं पिल्लू चिमटीत धरावं तसं किंचाळतं. म्हणून हे पत्र.

राज्याच्या बेकारी भत्ता कार्यालयाकडून आज मला कागद आला. तू अर्ज केलास, फार छान केलंस. इतकी वर्षं दर तीन महिन्यांनी मी त्यांच्याकडे तुझ्या नावाने कर भरतोय तो काय उगाच? मालकाने दहा दिवसांत उत्तर द्यावं असा नियम आहे. मी दहा मिनिटांत लिहायला बसलो.

कागदावर प्रश्न होता, ‘कामगार कामावरून का गेला?’ खाली चार चौकोन. काम नाही. स्वतःहून सोडलं. गैरवर्तनामुळे काढलं. इतर. चौकोन केवढे, तर उवेएवढे! सव्वीस वर्षं लाकडी बदकांना डोळे काढणारी बाई त्यात मावणार कशी? तळ्यात तरंगत सोडलेल्या त्या बदकांचे तू काढलेले डोळे बघून खरी बदकं आभाळातून खाली उतरतात आणि शिकाऱ्यांचं फावतं. हे त्या चौकोनात कसं लिहू? मी ‘इतर’वर खूण केली आणि सोबत दोन पानी पत्र जोडलं.

पत्र असं झालंय म्हणून सांगू! लिहिलं, की अशी कामगार मिळायला भाग्य लागतं. हिला आम्ही कधीही काढू शकणार नाही. तिचं स्टूल तिच्या जागी आहे, कुंचले बाटलीत आहेत, आणि उद्या सकाळी सातला ती आली तरी दार उघडं आहे. वाचताना मलाच चष्मा पुसावा लागला. रुडीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “हे तिच्या अंत्यविधीलाही चालेल. एक प्रत ठेव.”

तेव्हा तुझं काम झालंच समज. भत्ता तर देतीलच, वर फुलंही पाठवतील.

शुक्रवारी मी तुला ‘आता येऊ नकोस’ म्हणालो आणि पुढे काही बोललो नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. थंडीचे दिवस आहेत, तळ्याकाठचा रस्ताही फार निसरडा झालाय.

तुझा,
ऑर्विल

*

एलिंग खाडी
२२ नोव्हेंबर

प्रिय ऑर्विल,

फुलं आली नाहीत. नकार आला.

तीस मैल गाडी हाणत मी जिल्ह्याच्या गावी कार्यालयात गेले. तिथे मिस ड्यूगन म्हणून एक मुलगी आहे. स्वभावाने गोड, पण नियमाला पक्की. तुझं पत्र तिच्या पुढ्यात होतं आणि ते वाचून तिचेही डोळे ओले झाले होते. पण पुढचं ऐक.

“मिसेस ब्राटेन, तुमचे मालक म्हणतात, उद्या सकाळी सातला या.”

“ते तसं म्हणतातच हो.”

“मग तुम्ही जात का नाही?”

“त्यांनीच येऊ नकोस म्हणून सांगितलंय.”

“पण इथे तर लिहिलंय की दार उघडं आहे.”

“दार उघडंच असतं. त्याची कडी मोडलीय.”

ती म्हणाली, काम आहे आणि तुम्ही जात नाही, याला बेकारी म्हणत नाहीत. शिक्का मारला. तो शिक्का केवढा मोठा असतो बघितलायस कधी?

ऑर्विल, तुझ्या मनात काय होतं ते मला कळतं. तुझी बायको आग्दा, देव तिला स्वर्गात सुखात ठेवो, माझी सख्खी चुलत बहीण. ती सांगायची, ऑर्विलला गोड बोलायला लावलं की काहीतरी मोडतं. पण या वेळी माझं घर मोडायची पाळी आलीय. चौदा मेला मला बासष्ट पूर्ण होतील. म्हणजे म्हातारपणाचं पेन्शन सुरू. भत्ता मिळतो सव्वीस आठवडे. आजपासून मोज, बरोब्बर मे महिना येतो. जणू माझ्याच मापाने शिवलाय. तो नसेल तर मला घर विकून मार्लिसकडे ॲरिझोनाला जावं लागेल. लेक प्रेमाची आहे, तिने शिवणयंत्र हलवून माझ्या खाटेला कोपरा केलाय. पण तिकडे लोक अंगणात गवताऐवजी खडी टाकतात, आणि ती खडी हिरवी रंगवतात! माझा हर्मन गेल्यापासून अकरा हिवाळे मी या घरात एकटीने काढलेत. मरेन तेही इथेच, पण मे महिन्याच्या आत नाही.

म्हणून एवढंच कर. पहिल्या चौकोनावर खूण कर. ‘काम नाही.’ दोन शब्द. पत्र जोडू नकोस.

आणि एक विचारते. ऑगस्टमध्ये त्या हिरव्या पंखांच्या बदकाच्या डोळ्याची कडा माझ्या हातून जरा हलली होती. तू ते बदक उचलून खिडकीपाशी नेलंस आणि काही न बोलता परत ठेवलंस. तसं काही मनात असेल तर मोकळेपणी सांग.

टिल्डा

*

ओस्लुंड
३० नोव्हेंबर

प्रिय टिल्डा,

तुझं पत्र वाचून मला दोन दिवस कॉफी गेली नाही. आणि तुला माहीत आहे, कॉफी मला न्युमोनियातसुद्धा गेली होती.

पण तो पहिला चौकोन माझ्याने होणार नाही. माझ्या बापाने १९१९ साली इथे पहिलं बदक तासलं. मंदी आली, युद्ध आलं, छप्पर उडालं, तरी ‘लुंड्यांकडे काम नाही’ असं कुणी कधी लिहिलं नाही. आता मी लिहायचं? आपल्या पोस्टातली ग्लाडिस उघड्या पाकिटापेक्षा बंद पाकीट आधी वाचते. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला गेलो की सगळे माझ्याशी मऊ आवाजात बोलतील. मयताच्या घरी नेतात तसं कुणीतरी हॉटडिशचं गरम भांडं घेऊन दारात येईल. लोक माझ्या घरी हॉटडिश आणू लागले की मी संपलोच म्हणायचा.

शिवाय काम नाही असं कुठे आहे? कॅनडातल्या मॅनिटोबातून मोठी मागणी येऊ घातलीय.

पण तू काळजी करू नकोस, मी दुसरी वाट काढलीय. तिसरा चौकोन! ‘गैरवर्तनामुळे काढलं.’ काढलं म्हटलं की काढलं, मग दार उघडं असण्याचा प्रश्नच उरत नाही. मी कार्यालयाला कळवलं, की आधीचं पत्र भावनेच्या भरात लिहिलं गेलं, खरं कारण वेगळं आहे.

आता गैरवर्तन कुठून आणायचं? आम्ही दोघं दिवसभर शेगडीपाशी डोकं खाजवत बसलो. रुडीला आठवलं, की तू काम करताना स्तोत्रं गुणगुणतेस आणि तिसऱ्या कडव्यानंतर चाल सोडतेस. ते लिहिलं. १९७४ मध्ये गिऱ्हाइकासमोर मला ‘अडेल गाढव’ म्हणालीस, तेही लिहिलं. नाताळात मी तुला दोन बदकं भेट दिली होती. रुडी म्हणाला, भेट दिली असं लिहिलंस तर तुझा चांगुलपणा दिसेल आणि पुन्हा सगळं बिघडेल. म्हणून ‘बदकं घरी नेली’ एवढंच लिहिलं. तरी पान अर्धं रिकामं राहिलं. तेवढ्यात तुझ्याच पत्रातलं आठवलं. ऑगस्टमधल्या बदकाची डोळ्याची कडा! तेही घातलं. बरं झालं तू आठवण केलीस.

एक एक वाक्य लिहिताना जिवावर आलं गं. पण तुझ्यासाठी केलं.

तुझा,
ऑर्विल

*

एलिंग खाडी
१० डिसेंबर

श्रीयुत ऑर्विल लुंडे यांस,

आपल्या कृपेने मी आता चोर आहे.

कार्यालयाचा दुसरा निकाल आला. ‘मालकाच्या मालाची चोरी, उर्मट भाषा आणि कामात हयगय या कारणांनी अर्जदारास काढण्यात आले. गैरवर्तनामुळे काढलेल्यास भत्ता नाही.’ स्तोत्रांचा उल्लेख त्यांनी गाळलाय, एवढी तरी लाज त्यांच्यात आहे.

कामगाराने उगाच काम सोडलं तर भत्ता नाही, वाईट वागला तर भत्ता नाही, काम असून गेला नाही तर भत्ता नाही. फक्त मालकाकडे काम नसेल तर आहे. चार चौकोन होते, श्रीयुत लुंडे. तुम्ही दोन वेळा खूण केलीत आणि दोन्ही वेळा नेमका नको तो चौकोन शोधलात. डोळे मिटून कुंचला फेकला असतात तरी एकदा बरोबर लागला असता.

मी वर दाद मागितलीय. सहा जानेवारीला जिल्हा कचेरीत निवाडा अधिकाऱ्यापुढे सुनावणी आहे. मालकाने हजर राहून खरं सांगावं असा नियम आहे. तुमच्यासाठी मुद्दाम तो शब्द पुन्हा लिहिते. खरं.

मार्लिसने बसचं तिकीट पाठवून दिलंय. चोवीस जानेवारीचं. सोबत एक टोपी आहे, उन्हाची. ती मी घालून बघितली आणि तुमच्या नावाने ओरडले.

तुमची ती दोन बदकं या पार्सलात परत पाठवतेय.

श्रीमती टिल्डा ब्राटेन

*

ओस्लुंड
१४ डिसेंबर

प्रिय टिल्डा,

बदकं मिळाली. ग्लाडिसने पार्सल देताना विचारलं, “चोरीचा माल परत आला वाटतं?” म्हणजे बघ.

तुझ्या पत्रातलं ‘तुम्ही’ मी मोजलं नाही. रुडीने मोजलं. मला सांगू नको म्हटलं तरी सांगितलं.

काल मिस ड्यूगनचा फोन आला. यंत्र किंचाळत होतं तरी तिचं एक वाक्य नीट ऐकू आलं. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. मी म्हटलं, “बाई, मी तिच्या भल्यासाठीच खोटं लिहिलं.” त्यावर तिने फोनच ठेवला.

मग मला सुचलं. इतका साधा उपाय आधी कसा सुचला नाही? भत्ता, चौकोन, सुनावणी, सगळंच नको. मी तुला परत कामावर घेतो! वीस तारखेला, सोमवारी, सकाळी सातला ये. तसं मी कार्यालयालाही कळवून टाकलंय. आता बोलावल्यावर तू आली नाहीस तर ते म्हणतील काम नाकारलं. तेव्हा यावंच लागेल. ही धमकी नाही, मी नुसता नियम सांगतोय.

केक आणतो.

ऑर्विल

*

एलिंग खाडी
२३ डिसेंबर

ऑर्विल,

तीन दिवस आले. चौथ्या दिवशी का आले नाही, ते सांगायला हे पत्र.

सोमवारी तू बारा बदकं पुढ्यात ठेवलीस. मी चोवीस डोळे काढले. तू म्हणालास, वा. मंगळवारी बारा बदकं, चोवीस डोळे. पुन्हा वा. बुधवारी बारा, वा. मागच्या खोलीतून लाकूड आणायला निघाले तर तू दारात आडवा झालास आणि म्हणालास, तिथे उंदीर आहेत. मी सव्वीस वर्षं तुझ्या उंदरांना ओळखते, त्यातल्या काहींना तर नावं आहेत. पण मी लाकडाशिवायच परत फिरले.

बुधवारी दुपारी हातमोजे विसरले म्हणून परत आत आले. तू नव्हतास. रुडी स्टुलावर बसला होता, टर्पेंटाइनचं फडकं घेऊन. एकेक बदक मांडीवर घ्यायचा आणि मी काढलेले डोळे पुसायचा. हळूहळू पुसत होता, एखाद्याचं तोंड पुसावं तसा. मला बघून तो डिंक लागल्यासारखा जागीच चिकटला. फडकं तेवढं पाठीमागे लपवलं.

मी काही विचारलं नाही. विचारायचं काय? ऑगस्टपासून मला माहीत आहे. जेवणाचा चमचा धरताना हात स्थिर असतो, कुंचला धरला की दंडापासून काहीतरी हलतं. मला वाटलं होतं, मलाच दिसतंय. तुला दिसत होतं, तू बोलला नाहीस. म्हणून आधी दोन पानं कौतुक लिहिलंस आणि आता दिवसा काढून घेतोस, संध्याकाळी पुसून टाकतोस. दयाळूपणा आहे, कळतं मला. पण असला दयाळूपणा मला नको.

एकदा तोंडावर म्हणाला असतास, ‘टिल्डा, हात गेला तुझा,’ तर एक दिवस रडून मी मोकळी झाले असते.

सहा तारखेला मी जाईन, कारण नाव दिलंय. पण फार आशा नाही. घराला गिऱ्हाईक आहे, उन्हाळ्यापुरता येणारा कुणी दंतवैद्य. तो म्हणाला, स्वयंपाकघर पाडून मोठी खिडकी करीन. मी त्याला कॉफी दिली आणि बिस्किटं नाही दिली.

नाताळच्या शुभेच्छा. रुडीलाही सांग. त्याला म्हणावं, राग नाही.

टिल्डा

*

ओस्लुंड
२९ डिसेंबर

प्रिय टिल्डा,

हे माझं सातवं पत्र. आधीची सहा शेगडीत गेली.

तुला वाटतं तसं नाही. अजिबात नाही. पण कसं आहे ते लिहायला बसलो की हात १९१९ पाशी जातो आणि तिथेच अडतो.

दंतवैद्याला घर देऊ नकोस.

सहा तारखेला येतो. रुडी गाडी चालवेल, म्हणजे मी वाटेत जरा वाक्यं जुळवीन.

ऑर्विल

*

एलिंग खाडी
७ जानेवारी १९८३

प्रिय मार्लिस,

टोपी सुंदर आहे. पण तिकीट परत पाठवतेय, का ते शेवटी सांगते. खुर्ची ओढून बस, काल काय झालं ते तुला नीट सांगायचंय.

सुनावणी जिल्हा कचेरीत तळमजल्यावर होती, कुत्र्यांचे परवाने देतात त्या खिडकीला लागून. मध्ये फक्त लाकडी फळी. वर्षाचा पहिला आठवडा, म्हणून निम्मा जिल्हा आपापली कुत्री घेऊन रांगेत. निवाडा अधिकारी क्विग्ली म्हणून एक थकलेले गृहस्थ. त्यांच्यापुढे ऑर्विलची सगळी पत्रं ओळीने मांडलेली.

“मिस्टर लुंडे,” ते म्हणाले, “नोव्हेंबरात तुम्ही लिहिता, ही बाई म्हणजे देवदूत. महिनाअखेरीला तुम्ही लिहिता, ही चोर. डिसेंबरात तुम्ही या चोराला परत कामावर घेता. यातली खरी मिसेस ब्राटेन कोणती?”

“तिन्ही,” रुडी मागून म्हणाला.

“तुम्ही कोण?”

“मी मुंडकी चिकटवतो.”

क्विग्लींनी चष्मा काढून डोळे चोळले. मग ऑर्विलकडे वळले. “साधा प्रश्न आहे. पाच नोव्हेंबरला तुमच्याकडे या बाईंसाठी काम होतं की नव्हतं?”

ऑर्विल उभा राहिला. टाय लावून आला होता, आग्दाच्या अंत्यविधीचा. “साहेब, १९१९ साली माझ्या वडिलांनी...”

“मी १९८२ चं विचारतोय.”

“हो, तिकडेच येतोय. तर १९२० साली...”

“मिस्टर लुंडे!”

फळीपलीकडे एक कुत्रा भुंकला आणि ऑर्विल बसला. घामाघूम झाला होता. मला त्याची दया आली, आणि रागही आला, दोन्ही एकदम. मग क्विग्ली माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “दुसऱ्या पत्रात एक गंभीर मुद्दा आहे. कामात हयगय. डोळ्याची कडा हलली, असं लिहिलंय. तुमचा हात थरथरतो का, बाई?”

काय सांगू, मार्लिस. मी उजवा हात कोटाच्या खिशात घातला. विचार न करताच. खोटं बोलता येईना आणि हो म्हणवेना. 

ऑर्विलने ते बघितलं. इतका वेळ तो कागदांकडे बघत होता, तेव्हा पहिल्यांदा त्याने माझ्या खिशाकडे बघितलं. आणि खुर्ची मागे पाडून उभा राहिला.

“तिच्या हाताला काहीही झालेलं नाही!” एवढ्यांदा ओरडला की त्याचं यंत्रसुद्धा किंचाळायचं विसरलं. “ऑगस्टमधलं बदक मी खिडकीशी नेलं ते डोळा बघायला नाही! ते मागणीतलं शेवटचं होतं! त्यानंतर एकही मागणी आली नाही! मागच्या खोलीत चौदाशे बदकं पडलीत साहेब, छतापर्यंत! मॅनिटोबातून कुणी काही मागितलेलं नाही, मॅनिटोबात मी कुणाला ओळखतसुद्धा नाही! लोक प्लॅस्टिकची घेतात! काम नाही! लुंड्यांकडे काम नाही!”

शेवटचं वाक्य फळीपलीकडे गेलं. रांगेने फळीला कान लावले. कुत्र्यांनीही.

“मग परत कामावर घेतलंत ते?” क्विग्लींनी हळूच विचारलं.

रुडी उठला. “तीन दिवस तीच बारा बदकं होती,” म्हणाला. “मी रोज पुसायचो, म्हणजे तिला दुसऱ्या दिवशी काढायला काहीतरी राहील. पुसवत नव्हतं हो. डोळे माझ्याकडे बघायचे.”

मी खिशातून हात काढला. कशाला, माहीत नाही. टेबलावर ठेवला आणि सगळे त्याच्याकडे बघत बसले, जणू तो आत्ताच बाहेरून आला होता. थरथरत नव्हता. 

तेवढ्यात फळीच्या वरून ग्लाडिसचं डोकं आलं. आमची पोस्टातली. तिच्या काखेत तिचा कुत्रा. “ऑर्विल,” ती म्हणाली, “आम्हाला ऑगस्टपासून माहीत आहे. तुझ्याकडून एक पार्सल गेलेलं नाही. पोस्टात बसून काय मी आंधळी आहे? सगळ्या गावाला माहीत आहे. तुलाच माहीत नव्हतं की आम्हाला माहीत आहे, म्हणून आम्ही गप्प होतो.”

“म्हणजे रविवारी तळघरात सगळे...?”

“मुद्दाम मोठ्यांदा बोलायचो. मऊ बोललो तर तुला संशय येईल म्हणून.”

क्विग्ली म्हणाले, हे सगळं नोंदीत घ्यायचं की नाही ते त्यांना ठरवता येत नाही, पण त्यांचा प्रश्न सुटला. निकाल टपालाने येईल. जाताना ऑर्विलला म्हणाले, “पुढच्या वेळी पहिला चौकोन.”

बाहेर पायऱ्यांवर ऑर्विल आणि मी उभे राहिलो. तो म्हणाला, “तुला वाटलं तुझा हात गेला?” मी म्हटलं, “तू सांगितलं नाहीस तर मला दुसरं काय वाटणार?” तो म्हणाला, “मी माझं तोंड झाकत होतो, मला कुठे माहीत की तू तुझा हात झाकतेयस.” मग आम्ही रुडीच्या गाडीत बसलो आणि ती सुरू होईना, म्हणून तिघांनी ढकलली. मला हसू आवरेना. बासष्टीला टेकलेली बाई, कचेरीसमोर गाडी ढकलतेय आणि हसतेय.

म्हणून तिकीट परत. उन्हाळ्यात तूच ये, मुलांना घेऊन. दंतवैद्याला मी बिस्किटांचा पुडा पाठवलाय आणि सोबत नकार.

तुझी,
आई

*

एलिंग खाडी
२७ जानेवारी

प्रिय ऑर्विल,

निकाल आला. ‘मालकाकडे काम नसल्यामुळे. कामगाराचा दोष नाही.’ ती दुसरी ओळ मी स्वयंपाकघरात उभी राहून तीनदा मोठ्यांदा वाचली. मांजर उठून गेलं.

तुझ्या दारात किती हॉटडिश आले? खरं सांग. रुडी म्हणतो नऊ, आणि तू त्यातले आठ खाल्लेस.

आता ऐक, भत्त्याचा एक नियम आहे. दर आठवड्याला तीन ठिकाणी जाऊन काम मागायचं आणि कोण काय म्हणालं ते कार्डावर लिहून पाठवायचं. पहिल्या आठवड्यात मी अंत्यविधीवाल्या ट्रिगवे सँडस्ट्रॉमकडे गेले. तो खूश झाला. म्हणाला, रंगाचा हात असलेली बाई हवीच होती, चेहरे जरा ताजे दिसायला हवेत. मी म्हटलं, मला फक्त डोळे येतात. तो म्हणाला, आमच्याकडे ते मिटलेले असतात. वाचले.

पण आपल्या दोन गावांत मिळून काम देणारे अकरा जण. दर आठवड्याला तीन धरले तर महिन्याभरात संपले. मिस ड्यूगनला विचारलं, जुन्या मालकाकडे काम मागितलेलं चालतं का? ती बराच वेळ कागद खाली-वर करत होती, मला वाटतं हसू दाबत होती. म्हणाली चालतं, पण मालकाने उत्तर लेखी द्यायला हवं.

तेव्हा पुढच्या गुरुवारी दहाला तुझ्याकडे काम मागायला येते. नीट टाय लावून बस आणि नीट नकार दे. १९१९ नको. लेफ्साच्या पोळ्या मी आणते, त्यासाठी बटाटे आणून ठेवलेत.

टिल्डा

*

लुंडे बदक कारखाना, ओस्लुंड
गुरुवार, ३ फेब्रुवारी १९८३

बेकारी भत्ता कार्यालयास,

श्रीमती टिल्डा ब्राटेन आज सकाळी दहा वाजता आमच्याकडे काम मागायला आल्या. काम नाही असं त्यांना स्पष्ट सांगण्यात आलं. त्या ऐकून घ्यायला दुपारी दोनपर्यंत थांबल्या.

पुढच्या गुरुवारीही काम नसेल. तरी त्यांनी येऊन खात्री करून घ्यावी.

ऑर्विल लुंडे,
मालक